पालथे पडणे, रांगणे, चालणे : अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी बाळाची पहिली तीन वर्षे

अमेरिकेतील मराठी घरात जन्मलेल्या बाळाच्या वाढीवर दोघींची नजर असते. पहिली नजर सहा महिन्यांच्या मुक्कामासाठी भारतातून आलेल्या आजीची. मान कधी धरली, पालथे कधी पडले, बसते कधी झाले, कशाला धरून उभे राहते का, हे तिचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. दुसरी नजर बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात नवव्या, अठराव्या आणि तिसाव्या महिन्याच्या सुमारास आई-वडिलांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या प्रश्नावलीची. तिच्यात बहुधा ‘होय’, ‘कधी कधी’ आणि ‘अजून नाही’ असे तीनच रकाने असतात. आजी आणि प्रश्नावली पुष्कळदा एकच गोष्ट विचारीत असतात. परंतु उत्तर ‘अजून नाही’ असे आले की दोघींच्या वाटा फुटतात. आजी म्हणते, होईल सावकाश, घाई कसली. प्रश्नावली पुढच्या तपासणीकडे बोट दाखविते. या ओढाताणीत कित्येकदा मोलाचे महिने निघून जातात.

हा अनुभव माझ्या घरचाच आहे. माझी धाकटी मुलगी रांगली नाही. ती बसल्या बसल्या घसटत पुढे जाई. सोळा महिने झाले तरी तिने सुटे पाऊल टाकले नव्हते. ‘तूही अशीच घसटत होतीस आणि दीड वर्षाची होऊन चाललीस,’ असे आईने सांगितले. मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या, मुली जरा जपूनच पाऊल टाकतात. आमच्या डॉक्टरांनीही आणखी दोन महिने थांबू या, असा सल्ला दिला. यांपैकी आईचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण घसटत पुढे जाणारी मुले बहुधा उशिरा चालतात आणि ही सवय एकाच कुटुंबात अनेकांत आढळते. तरीही या विषयाविषयी नेमके काय ज्ञात आहे, ते शोधण्याची गरज मला तेव्हा वाटली. पुढील मजकूर त्या शोधातून आणि नंतरच्या वाचनातून जमलेला आहे.

वेळापत्रक आले कोठून

बाळाने अमुक महिन्यात अमुक करावे, हे कोष्टक अमेरिकेत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने आर्नल्ड गेसेल यांना जाते. येल विद्यापीठात त्यांनी १९११ मध्ये बालविकासाचे चिकित्सालय सुरू केले आणि पुढे काचेच्या घुमटाखाली शेकडो बाळांचे चित्रीकरण करून त्यांच्या हालचालींची वयानुसार नोंद केली. त्यांचे प्रतिपादन असे की, हालचालींचा क्रम आतूनच ठरलेला असतो. मेंदू व मज्जासंस्था परिपक्व झाली की कौशल्य उमलते, शिकवून ते फार लवकर येत नाही. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जुळ्या बहिणींवरील अभ्यासात त्यांनी एकीला जिने चढण्याचा सहा आठवडे सराव दिला, दुसरीला दिला नाही. नंतर अल्प सरावात दुसरीने पहिलीला गाठले.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी जॉनी आणि जिमी या जुळ्यांवर प्रयोग केला. जॉनीला उतार चढण्याचा, पोहण्याचा, चाकांच्या बुटांवर घसरण्याचा सराव दिला गेला. जिमी पाळण्यात थोडक्या खेळण्यांसह राहिला. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील निष्कर्ष वृत्तपत्रांनी रंगविला त्याहून बराच सूक्ष्म होता. बसणे-चालणे यांसारख्या मूलभूत हालचालींत दोघांत फारसा फरक पडला नाही. परंतु चढणे, घसरणे यांसारख्या कौशल्यांत जॉनी कितीतरी पुढे गेला. म्हणजे काही गोष्टी वाढीबरोबर येतात आणि काही संधी मिळाली तरच येतात.

आतूनच सर्व काही ठरते या कल्पनेला खरा धक्का दिला तो इंडियाना विद्यापीठातील एस्थर थेलन यांनी. नवजात बाळाला काखेत धरून पाय टेकविले तर ते पावले टाकल्यासारखे करते. दोनेक महिन्यांनी ही हालचाल नाहीशी होते. मेंदू वाढला म्हणून ती दबते, असे पूर्वी मानले जाई. थेलन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखविले की, त्याच बाळांचे पाय पाण्यात ठेवले की पावले परत पडू लागतात. या काळात पायांवर बाळसे झपाट्याने चढते आणि स्नायूंची ताकद त्या मानाने मागे राहते, एवढेच त्याचे कारण. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या कोणत्याही मराठी बाईला बाळसे आणि बळ यांतला हा फरक सांगावा लागला नसता. मात्र त्यावरून सिद्धान्त उभा करायला प्रयोगशाळा लागली.

बडोद्याची मोजपट्टी

अमेरिकी मोजपट्टी भारतीय बाळांना लागू पडते का, हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत प्रमिला फाटक यांचे नाव अग्रभागी आहे. कॅलिफोर्नियात नॅन्सी बेली यांनी तयार केलेली शिशुविकासाची चाचणी आधाराला घेऊन फाटक यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भारतीय बाळांची प्रमाणके तयार केली. ‘बडोदा प्रमाणके’ या नावाने ती ओळखली जातात. तिची सुधारित आवृत्ती १९९७ च्या सुमारास पुण्याहून निघाली. एक ते तीस महिने वयाच्या बाळांसाठी असलेल्या या चाचणीत ६७ घटक हालचालींचे आणि १६३ मानसिक विकासाचे आहेत, आणि वापरावयाचे साहित्यही भारतात मिळणारे आहे. भारतातील अनेक रुग्णालयांत, विशेषतः मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांच्या पाठपुराव्यासाठी, ही चाचणी आजही वापरली जाते. बाळ काही महिने पुण्यात किंवा नागपुरात राहून आले असेल आणि तेथील अहवालात ‘डॅसी’ असा उल्लेख असेल, तर ती हीच चाचणी; येथील डॉक्टरांना ती ओळखीची नसण्याचा संभव असल्याने अहवालासोबत हा खुलासा द्यावा.

‘आपली मुले उशिरा चालतात’ किंवा उलट ‘आपली मुले लवकर चालतात’ या दोन्ही समजुतींची कसोटी जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाने लागली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ बाळांच्या सहा हालचालींची नियमित नोंद करून त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील बाळे दिल्लीची होती, अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस शहरातील. सर्वच बाळे निरोगी आणि पुरेसे पोषण मिळणाऱ्या घरांतील होती, हे लक्षात ठेवावे. त्यांतील एक टक्का बाळांनी गाठलेले वय आणि नव्व्याण्णव टक्के बाळांनी गाठलेले वय यांतील अंतर पाहण्यासारखे आहे. आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, आधाराने उभे राहणे ४.८ ते ११.४, हात-गुडघ्यांवर रांगणे ५.२ ते १३.५, आधाराने चालणे ५.९ ते १३.७, स्वतंत्र उभे राहणे ६.९ ते १६.९, आणि स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिने. आठव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही मुले या पट्ट्यात बसतात. शेजारच्या मुलाशी तुलना करण्यात किती अर्थ आहे, ते यावरून कळावे. शिवाय सुमारे चार टक्के बाळे हात-गुडघ्यांवर कधीच रांगली नाहीत आणि तरीही चालली. मुलगा-मुलगी असा फरकही या अभ्यासात आढळला नाही.

पण याच आकड्यांचा दुसरा अर्थही आहे. अठरा महिने पूर्ण झाल्यावर न चालणारे मूल या पट्ट्याबाहेर पडते. पट्टा रुंद आहे, त्याचबरोबर त्याला शेवटही आहे.

२०२२ चा बदल आणि त्यावरचा वाद

अमेरिकेतील रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, आपली टप्प्यांची यादी २००४ पासून पालकांच्या हाती दिली होती. तीत सर्वसाधारणपणे निम्मी मुले जे करतात तो टप्पा धरलेला असे. अडचण अशी की, अशा यादीत निम्मी मुले साहजिकच मागे दिसतात आणि डॉक्टरांनाही ‘थांबून पाहू’ म्हणण्याची सवय लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ही यादी बदलण्यात आली. आता ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुले जे करतात तोच टप्पा त्या वयापुढे लिहिला जातो. पंधराव्या आणि तिसाव्या महिन्याच्या याद्या नव्याने घातल्या गेल्या. आणि रांगण्याचा टप्पा वगळण्यात आला.

नव्या यादीप्रमाणे बाळ दुसऱ्या महिन्यात पोटावर असताना मान वर उचलते, सहाव्यात पोटावरून पाठीवर वळते, नवव्यात आधाराविना बसते, बाराव्यात कशाला तरी धरून उभे राहते, सामानाला धरून चालते आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत वस्तू पकडते. पंधराव्यात ते दोन-चार पावले टाकते, अठराव्यात कोणाला न धरता चालते, चोविसाव्यात धावते, तिसाव्यात दोन्ही पाय उचलून उडी मारते.

रांगणे वगळल्याबद्दल अनेक फिजिओथेरपिस्टांनी नापसंती व्यक्त केली. त्यांचा मुद्दा मला पटतो. रांगणे हा चालण्याचा आवश्यक पूर्वपाठ नसला, तरी खांदे, मनगटे आणि पाठ यांना त्यातून जे बळ मिळते त्याला पर्याय सहज सापडत नाही. वगळण्याचे कारण रांगणे निरुपयोगी ठरले असे नसून, सर्व मुले ते एकाच रीतीने करीत नाहीत आणि त्याविषयीची आकडेवारी एकसारखी नाही, एवढेच होते. ‘आता सीडीसीसुद्धा रांगणे महत्त्वाचे मानत नाही’ असा जो निरोप व्हॉट्सॲपवर फिरत असतो, तो चुकीच्या वाचनातून आलेला आहे.

मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत हे सर्व वय जन्मतारखेपासून नव्हे, तर डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजतात. साधारणतः दोन वर्षांपर्यंत असे सुधारित वय धरण्याची पद्धत आहे.

पाठीवर झोप, पोटावर खेळ

आपल्या आयांना आश्चर्य वाटते ती गोष्ट म्हणजे येथील बाळे फारशी पालथी दिसत नाहीत. त्यामागे इतिहास आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ अकादमीने १९९२ मध्ये बाळांना पालथे झोपवू नये अशी शिफारस केली आणि १९९४ पासून ‘बॅक टू स्लीप’ ही देशव्यापी मोहीम सुरू झाली. झोपेत अचानक होणाऱ्या शिशुमृत्यूंचे प्रमाण त्यानंतर निम्म्याहून खाली आले. हे यश एवढे मोठे आहे की त्यात तडजोडीला जागा नाही. बाळाने झोपावे ते पाठीवर, सपाट व टणक गादीवर, उशी-दुलईविना. घरात बांधलेली साडीची झोळी, मऊ गोधडीचा पाळणा, किंवा उतरती खुर्ची, यांत रात्रभर झोपविणे या नियमात बसत नाही, हे आजी-आजोबांना आधीच सांगितलेले बरे. उतरत्या झोपाळ्यांच्या विक्रीवर तर २०२२ च्या कायद्याने येथे बंदीच आली.

या मोहिमेचा परिणाम हालचालींवर झाला. पाठीवर झोपणारी बाळे पालथे झोपणाऱ्यांपेक्षा पालथे पडणे, रांगणे यांत थोडी मागे असतात, तरी सर्वसाधारण मर्यादेतच असतात, असे १९९८ मधील अमेरिकी अभ्यासात दिसले. डोक्याची मागची बाजू चपटी होण्याच्या तक्रारीही वाढल्या. त्यावर उपाय म्हणून जागेपणी, कोणाच्या तरी देखरेखीखाली बाळाला पोटावर ठेवण्याची शिफारस आली. तिला येथे ‘टमी टाइम’ म्हणतात. अकादमीच्या २०२२ च्या सूचनेनुसार रुग्णालयातून घरी आल्यापासून सुरुवात करून सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून किमान १५ ते ३० मिनिटांपर्यंत पोहोचावे. सलग नव्हे, दोन-तीन मिनिटांचे तुकडे चालतात. बाळ रडत असेल तर आपण उताणे पडून त्याला छातीवर पालथे घ्यावे, तेही मोजले जाते.

आणि येथे आपल्या मालिशीची आठवण होते. पायांवर बाळाला पालथे घालून पाठीला तेल चोळणे, मग हात-पाय उलटसुलट दुमडून व्यायाम देणे, यात टमी टाइम आपोआप घडत असे. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या जमैकन आयांचा अभ्यास १९८०च्या दशकात झाला होता. त्याही बाळांना रोज मालीश करून, ताणून, बसवून बघतात. त्यांची बाळे इतरांपेक्षा लवकर बसू लागली; लक्षणीय गोष्ट अशी की, बाळ कधी बसेल याविषयीची आईची अपेक्षा आणि प्रत्यक्ष वय यांत फार अंतर नव्हते. अपेक्षा असली की सराव होतो आणि सराव झाला की अपेक्षा खरी ठरते. मालिशीने हाडे मजबूत होतात वा नाक सरळ होते, या समजुतींना मात्र आधार नाही. नाक दाबणे, मान ताणणे, सांध्यांना झटका देणे हे टाळायलाच हवे. मोहरीच्या तेलाने नाजूक त्वचेला त्रास होऊ शकतो.

मराठी घरांची खरी अडचण वेळेची आहे. मोठ्या कंपन्यांतही संघराज्याच्या कायद्याने हमी असलेली रजा १२ आठवड्यांची आणि तीही बिनपगारी. त्यानंतर बाळ पाळणाघरात जाते. तेथून मोटारीच्या आसनात, तिथून झोपाळ्यात, तिथून खुर्चीत, असा दिवस बांधलेल्या अवस्थेत जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की, लहान बाळाला सलग एका तासाहून अधिक वेळ असे जखडून ठेवू नये. पाळणाघर निवडताना दूध किती वाजता देता, हे आपण विचारतो. जमिनीवर किती वेळ सोडता, हेही विचारावे.

पांगुळगाडा आणि वॉकर

माझ्या आईने येताना सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा सामानात बांधून आणला होता. तीन चाकांचा, उभ्या दांडीचा, रंगवलेला. विमानतळावर त्याची चाके काढून दाखवावी लागली, तो प्रसंग निराळा. पुढे मला कळले की, या जुन्या वस्तूत आणि दुकानातल्या चाकांच्या वॉकरमध्ये मूलभूत फरक आहे.

वॉकरमध्ये बाळ कापडी आसनात लोंबकळत बसते. त्याच्या शरीराचा भार आसन पेलते, स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत आणि ते चवड्यांनी ढकलत जाते. तोल सांभाळणे या चालण्यातील सर्वांत अवघड भागाचा सराव त्यात होतच नाही. म्हणूनच वॉकरने मूल लवकर चालते ही समजूत खोटी असून, उलट उशीर होऊ शकतो, असे अकादमी सांगते. धोका त्याहून मोठा आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालील २,३०,००० हून अधिक बाळांना वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी आपत्कालीन विभागात न्यावे लागले. त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश जिन्यावरून पडली होती आणि बहुतेकांच्या डोक्याला किंवा मानेला मार लागला होता. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. अमेरिकेत अकादमीने अनेक वर्षे मागणी करूनही बंदी आलेली नाही. भारतात तर बारशाला भेट म्हणून वॉकर सर्रास दिला जातो.

पांगुळगाड्यामागे बाळ स्वतःच्या पायांवर उभे असते. भार त्याचा, तोल त्याचा, दिशाही त्याचीच. येथील ‘पुश टॉय’ त्याच जातीचे. मूल स्वतः धरून उभे राहू लागल्यावरच ते द्यावे, गुळगुळीत लाकडी जमिनीवर चाके पळू लागली तर त्यात तांदळाची पिशवी ठेवून वजन वाढवावे आणि जिन्याचे फाटक बंद असावे. भारतातून आणलेल्या जुन्या रंगीत लाकडी खेळण्यांचा रंग शिशाविरहित असल्याची खात्री नसेल, तर ती कपाटात शोभेला ठेवलेली बरी. आमचा गाडा शेवटी खरवडून बिनरंगी करावा लागला. ते कामही बाळ घरात नसताना, बाहेर अंगणात, तोंडाला मुखपट्टी बांधून करावे लागते.

तासाला सतरा वेळा

बाळ चालायला कसे शिकते, याचे सर्वांत बारकाईचे निरीक्षण न्यूयॉर्क विद्यापीठातील कॅरेन अडॉल्फ यांच्या प्रयोगशाळेत झाले आहे. बारा ते एकोणीस महिन्यांची मुले मोकळ्या खेळात असताना त्यांनी मोजदाद केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा असा : तासाला सरासरी २,३६८ पावले, सुमारे ७०१ मीटर अंतर आणि १७ वेळा पडणे. एका तासात सतरा वेळा. त्यांपैकी क्वचितच मूल रडते; बहुतेक वेळा उठून ते पुन्हा चालू लागते. रडतो तो पाहणारा. नव्याने चालणारे मूल पक्के रांगणे सोडून डळमळत चालण्याचा धोका का पत्करते, याचेही उत्तर त्यातून मिळाले. चालू लागल्यावर ते एवढे अधिक फिरते की, अंतराच्या मानाने पाहिल्यास ते रांगणाऱ्यापेक्षा अधिक वेळा पडत नाही आणि पोहोचते मात्र लांब.

उताराच्या प्रयोगाने मला अधिक विचारात पाडले. अनेक आठवडे रांगलेले बाळ तीव्र उताराच्या कडेला थांबते. तेच बाळ चालू लागले की त्याच उतारावर बेधडक पाऊल टाकते आणि प्रयोगकर्त्याच्या हातात कोसळते. रांगताना मिळविलेले शहाणपण चालण्याला उपयोगी पडत नाही. नव्या शरीरस्थितीचे धडे पुन्हा पहिल्यापासून गिरवावे लागतात. ‘तो जिन्याजवळ थांबतो, त्याला कळते’ असे गेल्या महिन्यात म्हणणाऱ्या आई-वडिलांनी या महिन्यात पुन्हा फाटक लावले पाहिजे, हा त्याचा व्यवहारातला अर्थ.

२००० मध्ये त्याच प्रयोगशाळेने अकरा महिन्यांच्या बाळांच्या आयांना विचारले की, तुमचे बाळ किती तीव्र उतार रांगत उतरू शकेल. मुलांच्या आयांनी क्षमता वाढवून सांगितली, मुलींच्या आयांनी कमी. प्रत्यक्षात मुला-मुलींत काहीही फरक नव्हता. त्या आया अमेरिकी होत्या. आपल्या समाजात असा प्रयोग झाला तर निकाल अधिक सौम्य येईल, असे मानण्याचे मला कारण दिसत नाही. ‘मुली जपून पाऊल टाकतात’ हे वाक्य मलाही खरेच वाटले होते.

आणखी एक निष्कर्ष आपल्या लंगोटवादी वडीलधाऱ्यांसाठी. नागडे मूल सर्वांत चांगले चालते. डायपर घातल्यावर पावले फाकतात आणि पडण्याचे प्रमाण वाढते. जाड कापडी डायपरने त्याहून अधिक. दिवसातून थोडा वेळ मुलाला उघडे, अनवाणी हिंडू द्यायला हरकत नाही. घरात बूट नकोत. पायांतले वाळे चालतील, पण त्यांचे घुंगरू सैल असतील तर ते तोंडात जातात. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये अशी वस्तू ओळखण्याची घरगुती खूण अशी : टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी आरपार जाते ती नको.

खेळ म्हणजे काय द्यायचे

अकादमीने २०१८ मध्ये खेळावर स्वतंत्र अहवाल काढून डॉक्टरांना सांगितले की, पहिल्या दोन वर्षांच्या तपासण्यांत पालकांना खेळण्याचा सल्ला द्यावा. खेळणी घेण्याचा नव्हे. ही गोष्ट तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत कितीतरी आधी ओळखली होती. माँटेसरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने यांवर त्यांनी अंगणवाडी चालविली. त्यांची मुले वयाने थोडी मोठी, पण तत्त्व तेच.

सहा महिन्यांच्या बाळाला स्टीलची वाटी आणि चमचा पुरतो. नऊ-दहा महिन्यांत वस्तू डब्यात टाकणे आणि बाहेर काढणे हा तासन्‌तास चालणारा खेळ असतो. बाळ मुद्दाम चमचा खाली टाकते तेव्हा ते आपली परीक्षा घेत नसते, सोडणे ही क्रिया शिकत असते. बोटांचे बडबडगीतांचे खेळ, बुवाकुक, टाळ्या, मांडीवरचा घोडा यांत हात, डोळे, तोल आणि भाषा एकत्र येतात. हे खेळ व्हिडिओ कॉलवरून आजीबरोबरही होतात. अठरा महिन्यांखाली पडदा नको म्हणणाऱ्या अकादमीने व्हिडिओ कॉलला तेवढी सूट दिली आहे. वर्षानंतर कणकेचा गोळा, डाळी-तांदळाऐवजी मोठे राजगिऱ्याचे लाडू कुस्करणे, उशांचा डोंगर, पुठ्ठ्याचा बोगदा. शेंगदाणे व अख्खी डाळ मात्र तोंडात जाते, घशात अडकते. तीन-चार वर्षांपर्यंत ती खेळायला देऊ नये.

वाढीचा एक अनपेक्षित दुवा येथे सांगण्याजोगा आहे. चालणारे मूल त्याच वयाच्या रांगणाऱ्या मुलापेक्षा अधिक शब्द समजते आणि बोलते, असे अमेरिकी अभ्यासांत दिसले आहे. चालणाऱ्याचे हात मोकळे असतात. ते वस्तू उचलून आईकडे नेते आणि आई तिचे नाव सांगते. आपली अपेक्षा ते नाव मराठी असावे अशी असेल, तर चालायला लागलेल्या मुलाच्या मागे फिरणे हीच मराठीची पहिली शाळा ठरते.

शंका आली तर

पुढील गोष्टींसाठी अठराव्या महिन्याची वाट पाहू नये. चौथ्या महिन्यापर्यंत मान न धरणे. नवव्यापर्यंत न बसणे. अंग फार सैल किंवा फार ताठ असणे. वर्षाच्या आत एकच हात वापरणे. मूल डावखुरे आहे असे आपण कौतुकाने म्हणतो, पण इतक्या लवकर हात ठरला तर दुसऱ्या हाताची ताकद तपासावी लागते. आणि येत असलेली गोष्ट कोणत्याही वयात नाहीशी होणे, हे तर तातडीचे. बालपणातील हालचालींच्या विकारांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या सेरेब्रल पाल्सीचे निदान आता अनुभवी हातांत सहा महिन्यांच्या आतही होऊ शकते, आणि मेंदू झपाट्याने घडत असल्याच्या या काळातले उपचार अधिक उपयोगी पडतात.

अमेरिकेत यासाठी संघराज्याच्या कायद्याने १९८६ पासून व्यवस्था आहे. तिला ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ म्हणतात. कॅलिफोर्नियात ‘अर्ली स्टार्ट’, टेक्सासात ‘अर्ली चाइल्डहूड इंटरव्हेन्शन’, अशी नावे राज्यागणिक बदलतात. सीडीसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक राज्याचा क्रमांक मिळतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीची गरज नाही, आई-वडील स्वतः फोन करू शकतात. मूल तीन वर्षांखालील आणि त्या राज्यात राहणारे असले म्हणजे पुरे. ते नागरिक असण्याची अट नाही. मूल्यमापन विनामूल्य असते. फोन केल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन आणि पात्र ठरल्यास कुटुंबासाठीच्या योजनेची पहिली बैठक व्हावी लागते. मूल्यमापन शक्यतो घरच्या भाषेत करावे, असेही कायदा म्हणतो. मराठी दुभाषा मागण्यास संकोचू नये. ‘उभा राहा’ ऐवजी ‘स्टँड अप’ ऐकलेले मूल सूचना न समजल्याने मागे दिसू शकते. पात्रतेचे निकष आणि उपचारांच्या खर्चातला कुटुंबाचा वाटा मात्र राज्यागणिक वेगळा असतो. काही राज्ये विमा कंपनीकडे बिल पाठविण्यासाठी परवानगी मागतात.

आपल्यातील अनेक जण हा फोन करायला कचरतात, तो ‘मुलावर शिक्का बसेल’ या भीतीने. अशी नोंद गोपनीय असते आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय मूल्यमापन होत नाही. उपचार नाकारण्याचा अधिकारही त्यांना असतो.

मी फोन केला तेव्हा मुलगी सतरा महिन्यांची होती. फिजिओथेरपिस्ट घरी आली, आमच्या सतरंजीवर बसली, पांगुळगाडा उलटासुलटा करून पाहिला आणि मुलीच्या पोटऱ्या व कंबर दाबून म्हणाली, स्नायू थोडे सैल आहेत. आठवड्यातून एकदा ती येऊ लागली. सोफ्यापासून खुर्चीपर्यंतचे अंतर दर वेळी एक वीत वाढवायचे, एवढाच गृहपाठ होता. एकोणिसाव्या महिन्यात मुलगी त्या दोहोंच्या मधून सुटी चालली. फोन केला नसता तरी कदाचित ती चालली असती; थेरपिस्टनेही तसे सांगितले. पण सैलपणाचे कारण शोधणारी रक्ततपासणी मात्र झाली नसती, आणि तिचा निकाल निर्दोष आल्यावर त्या घरात जी झोप लागली तीही लागली नसती.

तिसऱ्या वाढदिवसाला ही व्यवस्था संपते आणि मदतीची गरज उरली असल्यास मूल स्थानिक शाळा-जिल्ह्याच्या कक्षेत जाते. त्याविषयीची बैठक वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी व्हावी लागते. उन्हाळ्यात शाळांची कार्यालये अर्धवट चालू असतात. ज्यांच्या मुलांचे वाढदिवस ऑगस्ट-सप्टेंबरात येतात त्यांनी ही तारीख मे महिन्यापूर्वीच लेखी मागून घ्यावी.